सिंह नसलेली गोष्ट: पर्पेतुआ, वय 22, कार्थेजचा तुरुंग

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, या गोष्टीत सिंह नाहीये. रोमन आणि ख्रिश्चन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कलोझियम आणि मधोमध सिंह येतो, सिनेमांनी करून ठेवलंय ते. इथं रोम शहर पण नाही आणि कलोझियम पण नाही. हे सगळं घडलं कार्थेजला, उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, ट्युनिस शहराला अगदी लागून. आणि जनावरं म्हणाल तर बिबट्या, अस्वल, रानडुक्कर आणि एक माजलेली गाय. हो, गायच. तिच्यावर नंतर येतो.

साल इसवी सन 203. विबिया पर्पेतुआ नावाची बाई, वय बावीसच्या आसपास, चांगल्या खानदानी घरातली, शिकलेली, लग्न झालेलं, आणि कडेवर अंगावर पिणारं पोरगं. सुरुवातीच्या काळात ख्रिश्चन म्हणून मारले गेलेले लोक पुष्कळ आहेत, पण त्यांच्याबद्दल जे काय आपण वाचतो ते बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेलं, कधी शंभर-दोनशे वर्षांनी, चमत्कारांची फोडणी देऊन. पर्पेतुआचं वेगळं हे की तिनं तुरुंगात बसून स्वतःची हकीकत स्वतः लिहिली आणि ती टिकली. लॅटिनमध्ये आहे, छोटीशीच, अर्ध्या तासात वाचून होते. तिच्या लिखाणाच्या आधी आणि नंतर कुणीतरी, नाव न सांगता, प्रस्तावना आणि शेवट जोडलाय, मध्ये तिच्या सोबतच्या सातुरुस नावाच्या माणसानं लिहिलेला एक तुकडा आहे, पण मधला मोठा भाग 'मी'नं बोलणारा, तिचा. तो खरंच तिनंच लिहिला का याबद्दल शंका काढणारे अभ्यासक आहेत, पण बहुतेकांना तो तिचाच वाटतो. मलाही वाटतो, कारण त्यात दुधाचं, बाळाचं, बापाच्या रडण्याचं जे बारीकसारीक आलंय ते कुठल्या धर्मगुरूला टेबलाशी बसून सुचलं असेल असं वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. रोमन लोक असे काही धर्मवेडे नव्हते मग बावीस वर्षांच्या पोरीला मारायचं कशाला?

देवांच्या बाबतीत रोमन माणूस बराचसा आपल्यासारखाच होता बघा. इजिप्तची इसिस आली, चालेल. आशिया मायनरमधली कुबेले आली, तिलाही देऊळ. देव्हाऱ्यात अजून एक टाक आला म्हणून आधीचे काय रुसत नाहीत. फक्त एक अट होती. देवांचं करायचं म्हणजे फक्त आपापल्या मनाची श्रद्धा नव्हे, ते गावकीचं काम. देवांना वेळच्या वेळी मान मिळाला तर पाऊस पडतो, साथ येत नाही, सीमेवर सैन्य जिंकतं. त्यामुळं सम्राटाच्या कल्याणासाठी वेदीवर थोडा धूप टाकायचा, दोन थेंब दारू वाहायची, झालं. तुझ्या मनात काय आहे ते कुणी विचारत नव्हतं. ज्यूंना यातून सूट होती कारण त्यांचं बापजाद्यांपासून चालत आलेलं, आणि जुन्याला रोममध्ये फार मान. ख्रिश्चन मात्र नवीन, शिवाय आपापल्या घरचे देव सोडून आलेले, आणि वर म्हणणार की तुमचे देव देवच नाहीत, आम्ही धूप टाकणार नाही. म्हणजे गावाच्या जत्रेला वर्गणी न देणारं एक घर असतं ना तसं, फक्त इथं गाव म्हणजे अख्खं साम्राज्य आणि वर्गणी न देण्याचा अर्थ राजद्रोह. कार्थेजमध्येच राहणारा त्या काळचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन वैतागून लिहितो की तिबर नदीला पूर आला तरी आणि नाईलला पूर नाही आला तरी लोक एकच ओरडतात, ख्रिश्चनांना सिंहापुढं टाका.

पण सरकार रोज उठून ख्रिश्चन शोधत फिरत होतं असंही नाही, हा दुसरा गैरसमज. साधारण 112 च्या सुमारास प्लिनी नावाच्या गव्हर्नरनं सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारलं होतं की माझ्यासमोर हे लोक आणतायत, यांचं करायचं काय. ट्राजानचं उत्तर, शोधायला जाऊ नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी रीतसर आणून उभं केलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा द्या, आणि तो नाही म्हणाला, आपल्या देवांना पुजलं, तर सोडून द्या. आता हे किती विचित्र आहे बघा. चोरानं 'मी यापुढं चोर नाही' म्हटलं म्हणून त्याची आधीची चोरी माफ होत नाही. इथं होत होती. तर्तुलियन यावरूनही टोमणा मारतो, बाकीच्या गुन्हेगारांचे हाल करता ते कबूल करावं म्हणून, आणि आमचे हाल करता आम्ही नाकारावं म्हणून.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पर्पेतुआची पूर्ण गोष्ट याच्यावर उभी आहे. तुरुंगाच्या दाराची किल्ली पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिच्याच हातात होती. एक शब्द बोलली असती तर संध्याकाळी घरी.

(जुन्या पुस्तकांत सापडेल की सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनं 202 मध्ये धर्मांतराला बंदी घातली आणि त्यातून ही अटक झाली. पण तो दाखला बऱ्याच नंतरच्या आणि थापा मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पुस्तकातला आहे, आज बरेच इतिहासकार तो धरत नाहीत. साम्राज्यभर सगळ्यांनी बळी दिलाच पाहिजे असा हुकूम आला तो 250 मध्ये, डेसियसच्या काळात, तेव्हा तर 'यानं आमच्यासमोर बळी दिला' अशी सर्टिफिकिटं मिळायची, इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेली कितीतरी सापडलीत.)

तर अटक झाली पाच जणांना. रेवोकातुस आणि त्याच्यासोबतची फेलिसितास हे दोघं गुलाम, सातुर्निनुस, सेकुंदुलुस आणि पर्पेतुआ. सगळे शिकाऊ, म्हणजे बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. त्यांना धर्माचं शिकवणारा सातुरुस त्या वेळी तिथं नव्हता, तो नंतर आपणहून जाऊन हजर झाला. लोक सर्रास सांगतात की फेलिसितास ही पर्पेतुआची दासी होती, चित्रांतही तशी दाखवतात, पण मूळ मजकुरात तसं काहीच नाही, ती रेवोकातुससोबतची गुलाम एवढंच आहे. तसंच पर्पेतुआच्या नवऱ्याचं. लग्न झालंय म्हणून सांगितलंय पण अख्ख्या डायरीत नवरा एकदाही येत नाही. नंतरच्या लोकांना हे खटकलं असणार, कारण पुढच्या काळातल्या कहाणीत त्यांनी नवरा आणून उभा केलाय. मूळ डायरीत जो पुरुष पुन्हा पुन्हा येतो तो तिचा बाप.

पहिला सीन असा. अजून नुसतंच पहाऱ्यात ठेवलंय, बाप समजवायला आलाय. ती बाजूला पडलेलं एक भांडं दाखवते, पाण्याचा तांब्या म्हणा. बाबा, हे काय आहे? तांब्या. याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल? नाही. मग मी जी आहे त्याहून वेगळं मला स्वतःला म्हणता येत नाही, मी ख्रिस्ती आहे. ख्रिस्ती हा शब्द ऐकल्यावर बाप असा धावून जातो अंगावर की जणू डोळेच काढणार, आणि मग काहीच न करता निघून जातो. ती लिहिते की तो थोडे दिवस आला नाही म्हणून मी देवाचे आभार मानले, बरं वाटलं. इतकं सरळ. संतचरित्रात असलं वाक्य कुणी ठेवत नाही. त्या मधल्या दिवसांतच त्यांनी बाप्तिस्मा उरकून घेतला, म्हणजे आता परतीचा रस्ता अजून अरुंद.

मग खऱ्या तुरुंगात टाकलं. मी घाबरले म्हणते, असा अंधार कधी पाहिला नव्हता. गर्दीनं उकडतंय, शिपाई पैसे उकळतायत, आणि या सगळ्यात जीव बाळात अडकलेला, कारण ते बाहेर आणि ही आत. तेर्तियुस आणि पोंपोनियुस नावाचे दोन डीकन, म्हणजे चर्चचे सेवेकरी, शिपायांना चिरीमिरी देतात आणि कैद्यांना दिवसातले काही तास तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात बसायला मिळतं. तिथं बाळ आणलं जातं, उपाशी राहून मलूल झालेलं, आणि ही त्याला पाजते. शेवटी बाळाला सोबत ठेवायची परवानगी मिळते, आणि ती लिहिते की तुरुंग मला एकदम राजवाडा वाटायला लागला, दुसरीकडं कुठंच जावंसं वाटेना.

याच दिवसांत तिला पहिलं स्वप्न पडतं. पितळेची शिडी, आभाळाला टेकलेली, एका वेळी एकच माणूस चढेल एवढी अरुंद, आणि दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे लावलेले. खाली एक अजगरासारखा राक्षसी प्राणी. ती त्याच्या डोक्यावर पाय देते, पहिली पायरी असावी तशी. वर मोठी बाग, पांढऱ्या केसांचा उंच मेंढपाळ मेंढ्यांची धार काढतोय, तो तिला चीजचा एक घास देतो, ती दोन्ही हातांची ओंजळ करून घेते आणि खाते. जाग येते तेव्हा तोंडात अजून काहीतरी गोड चघळतेय. उठून भावाला सांगते की आता सुटका नाही. घास गोड लागला आणि त्याचा अर्थ मरण असा लावला, हे मला वाचताना जरा थांबवून गेलं.

सुनावणीची बातमी फुटल्यावर बाप परत येतो, आणि या वेळी रागानं नाही. माझ्या पिकल्या केसांची कीव कर म्हणतो, तुझ्या सगळ्या भावांपेक्षा तुला जास्त जीव लावला, लोकांत मला मान खाली घालायला लावू नकोस, भावांकडं बघ, आईकडं बघ, मावशीकडं बघ, तुझ्या पोराकडं बघ, ते तुझ्यामागं जगायचं नाही. हात चुंबतो, पायावर पडतो, आणि मुलगी म्हणून नाही तर 'बाईसाहेब' म्हणून हाक मारतो. रोमन घरात बापाचा अधिकार काय असायचा ते माहीत असेल तर हे दृश्य किती उलटं आहे ते कळेल, तिथला बाप म्हणजे घरातला कायदाच, आणि तो लेकीच्या पायाशी. ती त्याला धीर देते, देवाच्या मनात असेल ते होईल. तो उदास होऊन जातो.

मग भर चौकात सुनावणी, माणसांची ही गर्दी. न्यायाला बसलाय हिलारियानुस. खरा गव्हर्नर वारलेला, त्याच्या जागी हा प्रोक्युरेटर, म्हणजे सम्राटाचा महसुलाचा अधिकारी, काम बघतोय. बाकीच्यांनी कबुली दिली आणि हिची पाळी आली तेवढ्यात बाप तिच्या पोराला घेऊन हजर, तिला पायरीवरून खाली ओढतो, बाळाची दया कर. हिलारियानुसही तेच म्हणतो, बापाच्या म्हातारपणाकडं बघ, पोराकडं बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी दे. ती म्हणते, देणार नाही. तू ख्रिस्ती आहेस? ख्रिस्ती आहे. झालं, एवढीच केस. बाप अजून मध्ये मध्ये करतोय म्हणून हिलारियानुस त्याला हाकलायला सांगतो आणि त्याला छडीचा फटका बसतो. ती लिहिते, जणू तो मलाच बसला. मग सगळ्यांना एकच शिक्षा, जनावरांपुढं टाकायचं. आणि लगेच पुढं, आम्ही खुशीत तुरुंगात परतलो.

आता इथं मला खरं सांगायचं तर अडखळायला होतं. त्या हिलारियानुसला मी व्हिलन म्हणून बघू शकत नाही, त्यानं सुटायला वाट दिली होती आणि तीही हात जोडल्यासारखी. बाप तर नाहीच नाही. आणि पोराला सोडून चाललेल्या या बाईला सरळ वीर म्हणावं का, यावर प्रत्येक आईचं मत वेगळं असेल. तिच्या काळातल्या ख्रिश्चनांना पण हे काय सोपं गेलं असेल असं नाही. पण तिच्या बाजूनं बघायचं तर तो तांब्याच आठवायचा. तिला धूप टाकणं ही छोटी गोष्ट वाटतच नव्हती, बाकी सगळ्यांना वाटत होती. वाद तेवढाच होता.

शिक्षा झाल्यावर ती बाळाला मागवते, बाप देत नाही. आणि मग ते दोन ओळींचं वाक्य, की देवाच्या कृपेनं बाळानं परत दूध मागितलं नाही, आणि माझ्या छातीत गाठीही झाल्या नाहीत. ज्या घरात अंगावरचं मूल अचानक तुटलंय तिथल्या बायकांना विचारा या वाक्यात काय आहे ते.

मधे तिला मेलेला भाऊ स्वप्नात दिसतो, दिनोक्रातेस, सातव्या वर्षी चेहऱ्याच्या भयानक आजारानं गेलेला. तहानलेला आहे, समोर पाण्याचं कुंड आहे, पण कुंडाचा काठ त्याच्या उंचीच्या वर. ती रोज प्रार्थना करते, काही दिवसांनी परत दिसतो, काठ खाली आलाय, चेहऱ्यावर जखमेच्या जागी नुसता व्रण, पाणी पिऊन तो लहान मुलांसारखा खेळायला पळतो. शेवटच्या स्वप्नात ती स्वतः आखाड्यात उतरते, एका इजिप्शियन पैलवानाशी कुस्ती, अंगावरचे कपडे काढले तर ती पुरुष झालेली, आणि ती जिंकते. या एका वाक्यावर विद्यापीठांत इतकं लिहिलं गेलंय की आपण त्यात नको पडूया. डायरी तिथंच संपते, ज्या खेळात लोकांसमोर यांना जनावरांपुढं टाकायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी. प्रत्यक्ष खेळात काय होईल ते ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, म्हणते.

आणि कुणीतरी लिहिलं. फेलिसितासची गोष्ट त्यात येते. तिला आठवा महिना चालू होता, आणि गरोदर बाईला मारायला कायद्यानं बंदी. आपल्याला वाटेल सुटली, पण तिला भीती ही की सोबतचे पुढं जातील आणि मी मागं राहून नंतर कुठल्यातरी चोर-दरोडेखोरांसोबत मरेन. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि खेळाच्या दोन दिवस आधी तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, ती कण्हतेय, तेव्हा एक पहारेकरी टोचतो, आत्ताच एवढी विव्हळतेस, जनावरांपुढं काय करशील? ती म्हणते, आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय, तिथं माझ्यात दुसरा कुणी असेल जो माझ्यासाठी सोसेल. मुलगी झाली. ती ख्रिस्ती मंडळीतल्या एका बाईनं घेऊन स्वतःची म्हणून वाढवली.

अजून एक प्रसंग मला फार आवडतो. अधिकारी कैद्यांचे हाल करतोय, जादूटोणा करून पळतील अशी कुणीतरी त्याला भीती घातलेली. पर्पेतुआ त्याला तोंडावर सांगते, आम्ही सीझरच्या वाढदिवसाला मरणारे स्पेशल कैदी, आम्हाला जरा धडधाकट दाखवलंत तर तुमचीच शान नाही का? तो लाजला, आणि जेवणखाण, भेटीगाठी सुरू झाल्या. तुरुंगाचा कारभारी पुदेन्स तर तोवर यांच्या बाजूनंच झाला होता.

हा वाढदिवस होता सीझर गेताचा, सम्राट सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचा. 7 मार्च. आत नेताना पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचे आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारणींचे कपडे चढवायला लागले, म्हणजे मरणसुद्धा तमाशा. पर्पेतुआनं ठाम नकार दिला, याच्यासाठीच तर आम्ही जीव देतोय की हे करावं लागू नये. अधिकाऱ्यानं ऐकलं. सेकुंदुलुस तोवर तुरुंगातच वारला होता. सातुरुसला अस्वलाची भयंकर भीती, बिबट्या एका चाव्यात संपवेल असं तो म्हणायचा. आधी रानडुकरापुढं बांधला, तर डुकरानं बांधणाऱ्यालाच फाडलं. मग अस्वलापुढं, तर अस्वल पिंजऱ्यातून बाहेरच येईना. शेवटी बिबट्याच आला, एका चाव्यात एवढं रक्त की लोक ओरडले, 'छान न्हालास!', हमामखान्यातून बाहेर पडणाऱ्याला म्हणायचे तसं. त्यानं पुदेन्सच्या बोटातली अंगठी मागून घेतली, जखमेत बुडवली आणि आठवण म्हणून परत दिली.

बायकांसाठी गाय. नेहमी वापरायचे तसला प्राणी नाही, मुद्दाम मादी, म्हणजे बायकांची टिंगल. आधी दोघींना उघडं करून जाळ्यात गुंडाळून आणलं, तर एवढ्या रक्ताच्या हौशी पब्लिकलाही ते बघवेना, एक कोवळी पोरगी आणि दुसरी ओली बाळंतीण, दूध अजून ठिबकतंय. परत नेऊन सैल झगे घालून आणलं. गाईनं पर्पेतुआला उडवलं, ती कंबरेवर आपटली. उठून बसली आणि फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला. मग केसांचा आकडा शोधून केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे सुतक आणि आपण सुतकात नाही. मग फेलिसितासला हात देऊन उठवलं. दोघींना बाजूच्या दारात नेलं तेव्हा ती झोपेतून उठल्यासारखी विचारते, त्या गाईपुढं आम्हाला कधी टाकणार? अंगावरच्या खुणा आणि फाटका झगा दाखवला तेव्हा विश्वास बसला.

शेवट तलवारीनं. लोकांना तो मधोमध बघायचा होता, तर हे आपणहून उठून तिथं गेले, एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. पर्पेतुआच्या वाट्याला आलेला ग्लॅडिएटर नवशिका होता. पहिला घाव हाडावर बसला, ती ओरडली, आणि मग त्याचा थरथरणारा हात धरून तिनंच आपल्या गळ्यावर नेला.

'मार्टिर' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नुसता साक्षीदार, कोर्टात उभा राहतो तो. गंमत म्हणजे अरबीतल्या शहीदचं पण तेच, शहादत म्हणजे साक्ष. मराठी ख्रिस्ती लिखाणात 'रक्तसाक्षी' असा शब्द मिळतो, तो मला हुतात्मापेक्षा जास्त नेमका वाटतो.

ज्याच्या वाढदिवसाला हे झालं त्या गेताला 211 मध्ये सख्ख्या भावानं, काराकाल्लानं, आईच्या कुशीत मारवलं आणि त्याचं नाव दगडादगडांवरून खोडून काढायला लावलं. पर्पेतुआची डायरी मात्र दर वर्षी चर्चमध्ये वाचली जायची. दोनशे वर्षांनी ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतलाच बिशप त्यावर प्रवचनं देतो, दोघींच्या नावांवर कोटी करतो, पर्पेतुआ म्हणजे कायमची, फेलिसितास म्हणजे सुख. पुढं पूर्ण लॅटिन मजकूर विस्मरणात गेला, इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात त्याची प्रत सापडली आणि 1663 मध्ये छापून आला, जेरुसलेममध्ये ग्रीक प्रत 1889 मध्ये मिळाली, आणि 1907 मध्ये कार्थेजला त्यांच्या नावांचा शिलालेख सापडला, फुटून तुकडे तुकडे झालेला.

आपल्याकडं वसईला मराठीत मिस्सा होते, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, तिथं धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसावरची पहिली युखरिस्त प्रार्थना घेतात तेव्हा संतांची एक लांबलचक यादी येते, आणि त्यात या दोघी आहेत. नीट कान देऊन ऐका, आधी फेलिसितासचं नाव येतं, गुलाम बाईचं, आणि मग पर्पेतुआचं.